मामाची आरएक्स डाएटवर!

जिमची वर्षाची फी भरूनही आपले पाच किलो उतरत नाहीत. पलूसच्या एका जुन्या आरएक्सनं मात्र चार महिन्यांत सत्तावीस किलोंहून जास्त उतरवले! त्यातला अर्धा किलो तिला पुन्हा चढवावा लागला. आणि खरी गोष्ट त्या अर्ध्या किलोचीच आहे...

आधीच सांगून टाकते, मला बाइकमधलं ओ की ठो कळत नाही. पुण्यात मी बिनगिअरची स्कूटर चालवते. सर्व्हिसिंगचा मेसेज आला की ती देऊन येते आणि बिल बघून हळहळते. त्यामुळे द्राक्षांच्या सीझनमध्ये मामेभावाचा फोन आला, तेव्हा मला वाटलं हा पेटी पाठवतोय.

''तायडे, तू मॅगझिनमध्ये डाएटवर लिहितीस न्हवं? मग इकडं ये. एकीचं वजन उतरवायचंय.''

''कुणाचं? मामीचं?''

''हळू बोल, ऐकंल ती! आरएक्सचं गं!''

झालं. शनिवारी कोयना एक्स्प्रेस पकडली आणि किर्लोस्करवाडीला उतरले. पलूस तिथून हाकेच्या अंतरावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षांच्या बागा, आणि माळावर बेदाणा वाळवायच्या शेड. त्यातल्याच एका शेडमध्ये, हिरव्या जाळीखाली, मामाची यामाहा आरएक्स १०० वजनकाट्यावर उभी होती. एखादी नवरी पाटावर बसवावी तशी.

ही बाइक मी लहानपणापासून ओळखते. एमएच-१० ची, नव्वदच्या दशकातली. सकाळी तिच्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकायचे, दुपारी मामा तिच्यावरून सेकंड शिफ्टला जायचा, आणि रविवारी मामी एका बाजूला पाय सोडून मागे बसायची. मुंजाबरोबर मुंज आणि जत्रेबरोबर जत्रा, सगळीकडे ही हजर! मामाचा गुडघा दुखायला लागल्यापासून ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. पाचेक वर्षं तरी.

''हिला आता ट्रायल बाइक करायची,'' भाऊ म्हणाला.

मामा काहीच बोलला नाही. पान लावत बसला.

ही ट्रायल म्हणजे काय भानगड?

भाऊ एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशिनवर असतो. वय २३, वजन ६२ किलो, डोक्यात चोवीस तास बाइक. माझ्या डोक्यात बाइक स्पोर्ट म्हणजे धूळ उडवत सुसाट जाणारी पोरं. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि माझा गोंधळ वाढला. कारण त्यातला माणूस सुसाट सोडाच, जवळजवळ थांबलेलाच होता!

तर फंडा असा आहे. ट्रायलमध्ये वेग हा मुद्दाच नाही. दगड, ओढा, चढ, झाडाची मुळं असा एक छोटा अवघड पट्टा आखलेला असतो. त्याला सेक्शन म्हणायचं. तो पाय खाली न टेकवता पार करायचा. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला की तीन. पडलात, थांबलात किंवा रेषेबाहेर गेलात की थेट पाच. आणि शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. आपल्या परीक्षेच्या बरोबर उलटं!

या खेळाचा आजचा राजा म्हणजे स्पेनचा टोनी बोऊ. २००७ पासून २०२४ पर्यंत सलग दरवर्षी त्यानं मैदानी आणि इनडोअर अशी दोन्ही जगज्जेतेपदं जिंकली. अठरा वर्षं! तो जी बाइक चालवतो तिला बसायला सीटच नाही. सगळं उभ्यानं चालतं. आणि या स्पर्धेच्या बाइकचं वजन साधारण ६५ ते ७५ किलोंच्या दरम्यान असतं.

''आणि आपली?'' मी विचारलं.

''तेच तर बघाय तुला बोलावलंय.''

काट्याचा ओटा छोटा, बाइक लांब. मग युक्ती अशी, की पुढचं चाक काट्यावर, मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या विटांवर. आकडा लिहून घ्यायचा. मग उलट करायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे बाइकचं वजन. पेट्रोल दोन्ही वेळेला पूर्ण काढून ठेवायचं, कारण एक लिटर पेट्रोलच पाऊण किलोच्या आसपास भरतं. बेरीज आली १०७.२ किलो. म्हणजे भावाच्या वजनाच्या पावणेदोनपट.

''आता हिला गुडघ्याएवढ्या दगडावर चढवायची म्हंजे मलाच उचलायला लागणार,'' तो म्हणाला. ''रेसमध्ये वजन इंजिन वढतं. ट्रायलमध्ये माणूस.''

टार्गेट ठरलं : ८० च्या आत.

पहिले साडेअकरा किलो, खर्च शून्य

सगळ्यात आधी पाण्याचा पाइप आणि रॉकेलचा ब्रश. इंजिनाच्या खाली, चेनच्या मागे, मडगार्डच्या आत तीस वर्षांची पलूसची काळी माती आणि ग्रीस यांचा थर बसला होता. तो खरवडून पुन्हा वजन केलं तर १.३ किलो कमी! माती हा स्पेअर पार्ट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग पाना फिरला. क्रॅशगार्ड ४.२ किलो. मागचं कॅरियर २.६. साडीगार्ड आणि त्याचा बायकांसाठीचा फूटरेस्ट मिळून २.३. दुधाच्या कॅनचे हूक १.१.

खरं सांगू? इथं माझ्या पोटात कालवलं. भाऊ एकेक वस्तू काट्यावर ठेवत होता, वहीत आकडा लिहीत होता आणि कोपऱ्यात टाकत होता. साडीगार्ड टाकलं तेवढ्यात मामी बाहेर आली.

''ते भंगारात घालायचं न्हाई हां. माझं हाय ते.''

''अगं आय, काय करणार त्येचं?''

''दोडक्याचा वेल चढवीन. पण भंगारात न्हाई.''

कॅरियर मामानं उचललं. काही न बोलता गोठ्यात नेऊन खुंटीला अडकवलं. पहिल्या दिवसाच्या शेवटी आकडा होता ९५.७.

दुसऱ्या दिवशी सीट (४.८), मोठा स्टँड (२.२), मागच्या माणसाचे फूटरेस्ट (०.८), हेडलाइट, इंडिकेटर, मीटर, हॉर्न आणि त्यांच्या वायरी (२.९), बॅटरी (१.१). बॅटरी काढल्यावर बाइक चालू कशी होणार, असा प्रश्न मला पडला होता. पण या बाइकमधली ठिणगी मॅग्नेटोवर चालते, आणि सुरू करायला किक आहे. बॅटरी फक्त हॉर्न-इंडिकेटरची सोय बघते. आकडा : ८३.९.

इथं एक महत्त्वाची गोष्ट. दिवे नसलेली अशी बाइक रस्त्यावर आणणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रूपात मनमानी बदल करता येत नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधीच मामानं रीतसर अर्ज करून नोंदणी रद्द करून घेतली होती. बाइक आता फक्त घरच्या माळावर चालणार, आणि दुसरीकडे न्यायची तर टेम्पोत घालून. त्या कागदावर सही करताना मामाला किती वेळ लागला, ते मामीनं मला नंतर सांगितलं.

पुण्यातले आरएक्सप्रेमी हे वाचून माझ्या घरावर मोर्चा आणतील, याची कल्पना आहे. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली, ९८ सीसीची ही टू-स्ट्रोक बाइक म्हणजे एका पिढीचं पहिलं प्रेम. नीट जपलेल्या आरएक्सचे भाव आज ऐकून घाम फुटतो. पण आमच्या बाइकचं अर्धं इंजिन बदललेलं होतं, टाकी गंजलेली होती, रंग तिसऱ्यांदा दिलेला होता. जपायला तिच्यात आठवणींशिवाय काही उरलं नव्हतं.

एका आयरिश माणसाची करामत

वजन उतरवायचं हे वेड भावाचं एकट्याचं नाही. त्याचा आद्य गुरू म्हणजे बेलफास्टचा सॅमी मिलर. १९५९ ते १९६९ अशी अकरा वर्षं तो सलग ब्रिटिश ट्रायल चॅम्पियन होता. त्याच्याकडे एरिएल कंपनीची ५०० सीसीची धिप्पाड बाइक होती. तिचा नंबर जीओव्ही १३२. ट्रायलच्या जगात हा नंबर आजही लोकांना पाठ आहे. मिलर वर्षानुवर्षं त्या बाइकचे भाग बदलत राहिला. स्टीलच्या जागी अॅल्युमिनियम, पत्र्याच्या जागी फायबरग्लास, फ्रेमसाठी पातळ पण मजबूत नळ्या. असं करत ती त्यानं ११० किलोंच्या आसपास आणली. १९६२ आणि १९६४ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल त्यानं एरिएलवर जिंकली.

आणि मग मजा झाली. १९६४ च्या अखेरीस तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि त्यांच्यासाठी शेर्पा टी नावाची छोटी टू-स्ट्रोक ट्रायल बाइक तयार करायला मदत केली. तिचं वजन ९० किलोंच्या आसपास. १९६५ मध्ये त्यानं स्कॉटलंडची तीच स्पर्धा या बाइकवर जिंकली. त्यानंतर अवजड फोर-स्ट्रोक बाइकचा जमाना संपत गेला. एवढी वर्षं घासून-पुसून वजन कमी केलं, आणि एका नव्या डिझाइननं ते आणखी कमी झालं!

''म्हणजे नवीन बाइकच घ्यायची ना मग,'' मी म्हटलं.

''तायडे, आपल्या गावच्या शोरूममध्ये ती टांगून ठेवलीय का? परदेशातनं मागवायची तर बाग विकायला लागंल.''

मुद्दा मान्य!

कुठला किलो महाग?

तिसऱ्या टप्प्यात पैसे खर्च व्हायला लागले. इथं भावानं मला एक गोष्ट शिकवली, की सगळे किलो सारखे नसतात.

एक, उंचावरचं वजन जास्त त्रास देतं. टाकी, हेडलाइट, मीटर ही मंडळी वर बसतात. बाइक तिरकी झाली की तीच तिला खाली ओढतात. म्हणून पत्र्याची दहा लिटरची टाकी काढून अडीच लिटरची प्लॅस्टिकची बसवली. ३.३ किलो वाचले. माळावर तासभर खेळायला अडीच लिटर पुष्कळ.

दोन, फिरणारं वजन डबल भरतं. चाकाच्या रिमवरचा एक ग्रॅम पुढे तर न्यायचाच, वर गोलही फिरवायचा. त्यामुळे वेग घेताना आणि थांबताना तो जवळजवळ दोन ग्रॅमांसारखा वागतो. म्हणून लोखंडी रिमच्या जागी अॅल्युमिनियमच्या आल्या. दोन्ही मिळून १.७ किलो कमी. मडगार्ड पत्र्याचे होते ते प्लॅस्टिकचे झाले, आणखी २.१ किलो. आकडा : ७६.८. भाऊ नाचायचाच बाकी होता.

तीन, काही वजन वाढवावं लागतं. दगडावर इंजिन आपटलं की खेळ खलास. म्हणून इंजिनाखाली जाड पत्र्याचं संरक्षण (१.९ किलो) बसवलं. कासवाच्या चालीनं चढता यावं म्हणून मागचं चेनचं स्प्रॉकेट मोठं (०.६). उभं राहून चालवायचं म्हणून रुंद हँडल (०.३) आणि रुंद दातेरी फूटरेस्ट (०.७). साडेतीन किलो परत चढले. आकडा : ८०.३.

चार, काही वस्तूंना हातच लावायचा नाही. एक मित्र म्हणाला, सायलेन्सर कापून टाक, हलका होईल. पण टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्याच्या आतल्या पोकळीचा आकार इंजिनाला श्वास घ्यायला मदत करतो. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद जाते. दुसरा म्हणाला, मॅग्नेटोचं चाक लेथवर घासून हलकं कर, रेसवाले करतात. पण ट्रायलमध्ये बरोबर उलटं हवं असतं. इंजिन अगदी हळू फिरतानाही बंद पडू नये, यासाठी ते जड चाकच त्याला गती देत राहतं. परदेशातले काही ट्रायलवाले तर तिथं मुद्दाम जादा वजन लावतात. म्हणजे पूर्ण बाइक हलकी करायची, पण हृदय जड ठेवायचं!

८०.३ म्हणजे ८० च्या आत नव्हे

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्याकडे ९९९ रुपयांच्या शर्टाची जी जादू आहे, तीच या आकड्यांची. ८०.३ हा आकडा साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागला. मी पुण्याला परतले. आठवड्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो आला. काट्यावर बाइक, आणि खाली लिहिलेलं : ७९.८!!!

फोटोत आणखी एक गोष्ट होती. इंजिन धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, ब्रेकचं पेडल आणि मागच्या ब्रेकचा टॉर्क रॉड, सगळ्यांना ओळीनं भोकं. चाळणीच! भावानं वर्कशॉपमधून सुट्टीच्या दिवशी ड्रिल आणून अर्धा किलो 'वाचवला' होता. दिसायला एकदम रेसिंग. मीही अंगठा आणि फटाक्याची इमोजी पाठवली. आता कबूल करायला लाज वाटते.

त्यानंतरच्या रविवारी मामीचा फोन आला. ''घाबरू नगंस. पायाला टाकं घातल्यात.''

झालं होतं असं. माळावरच्या ओढ्यात, काळ्या दगडांच्या उतारावर, भावानं मागचा ब्रेक दाबला. टॉर्क रॉड म्हणजे ब्रेकची थाळी चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला जागेवर बांधून ठेवणारी पट्टी. ब्रेक दाबला की सगळा झटका त्या एका पट्टीवर येतो. ती तिसऱ्या भोकातून तुटली. थाळी फिरली, ब्रेकचा रॉड ओढला गेला, मागचं चाक जाम. बाइक आडवी आणि नडगी दगड आणि त्या नव्या दातेरी फूटरेस्टच्या मध्ये. सहा टाके. हेल्मेट होतं म्हणून डोक्यावर निभावलं. हेल्मेटवरची खरवड मी नंतर पाहिली आणि माझे हातपाय गार पडले.

पोस्टाचं तिकीट कुठून फाटतं?

पुढच्या शनिवारी मी परत गेले. भाऊ बाजेवर पाय लांब करून. समोर मामा, हातात तो तुटलेला रॉड. चार महिन्यांत पहिल्यांदा मामा या विषयावर बोलला.

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामाची अख्खी नोकरी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात, फाउंड्रीत गेली. पंपांचं कास्टिंग हे त्याचं आयुष्य. आणि हा कारखाना म्हणजे साधीसुधी जागा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाची सुरुवात केली ती १८८८ मध्ये बेळगावात, सायकलींच्या दुकानानं! होय, दोनच चाकांवर. मुंबईच्या व्हीजेटीआयमधल्या नोकरीत डावललं गेल्यावर ते बेळगावला आले. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडानं जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांनी सुरुवातीला त्या नांगराकडे पाठ फिरवली होती. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती पलूस तालुक्यात येते, आणि स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालंय.

तर त्या वाडीत आयुष्यभर वितळलेलं लोखंड ओतलेला माणूस तुटलेला रॉड भावाच्या पुढ्यात धरून विचारत होता, ''पोस्टाचं तिकीट कुठनं फाटतं?''

भाऊ गप्प.

''भोकांच्या रेघंतनं. व्हय का न्हाई? मग तू काय केलंयस हे? तिकीट केलंयस.''

मग मामानं वहीच्या मागच्या पानावर पंपाची बॉडी काढून दाखवली. कास्टिंगही हलकंच हवं असतं, लोखंड काय फुकट येतं का? पण ते हलकं कसं करतात? जिथं जोर नाही तिथं भिंत पातळ. जिथं जोर आहे तिथं आडवी उभी कड, म्हणजे रिब. कोपरा कधी टोकदार ठेवायचा नाही, गोलाई द्यायची, कारण तडा कोपऱ्यातनं सुरू होतो. आणि भोक पाडायचंच तर आधी बघायचं, की हा भाग ओढला जातोय, दाबला जातोय की नुसता बसून आहे.

''साडीगार्ड बसून हुतं. काढलंस, मी बोललो का काय? कॅरियर काढलंस, बोललो का? त्येंचं काम संपलं हुतं. पण ह्यो रॉड काम करत हुता लेका. काम करणाऱ्याला भोकं पाडायची नसतात.''

शेडमध्ये सगळे चिडीचूप. मामी चहा घेऊन आली होती, तीही उभी राहिली. मामा पुढे म्हणाला, जरा हळू आवाजात, ''मी त्या बाइकवरनं तीस वर्सं सुखरूप घरी आलोय. तू पण यायचं.''

दोन महिने मी समजत होते, की मामाला बाइक कापल्याचं वाईट वाटतंय. त्याला काळजी वाटत होती ती भलत्याच गोष्टीची.

पुन्हा काट्यावर

टाके निघाल्यावर सगळ्या चाळण्या भंगारात गेल्या. नवा टॉर्क रॉड, नव्या पट्ट्या, नवं पेडल. मामानं स्वतः फ्रेमचा एकेक सांधा पुसून, भिंग लावून बघितला. तडा जात असेल तर रंगावर आधी बारीक रेघ दिसते, मग गंजाचा डाग. सगळे नटबोल्ट पुन्हा आवळले. हातमोजे, गुडघ्याचं आणि नडगीचं गार्ड आलं. त्याचं वजन काट्यावर करायचं नाही, अशी मामीची सक्त ताकीद.

बाइक पुन्हा काट्यावर चढली. ८०.३.

''ऱ्हाऊ दे तिनशे ग्रॅम,'' मामा म्हणाला. ''तेवढं माझ्या नावावर मांड.''

दुपारी उन्हं उतरल्यावर सगळे माळावर गेलो. ओढ्यात चुन्यानं सात दगडांचा सेक्शन आखला होता. पंच म्हणून मामी, बांधावर बसलेली. मांडीवर बेदाण्यांची वाटी. एक पाय टेकला की एक बेदाणा तोंडात, असा हिशेब. भाऊ उभा राहिला, क्लच सोडला, आणि पहिल्यांदाच मला दिसलं, की बाइक माणसाच्या अंगाचा भाग झाली की कशी दिसते. पुढचं चाक हलकेच उचललं, दगडावर ठेवलं, अंग पुढे, मागचं चाक आलं. घाई नाही, आवाज नाही, नुसता तो ओळखीचा टकटकाट. चौथ्या दगडावर एक पाय टेकला, सहाव्यावर दुसरा. उतारावर त्यानं मागचा ब्रेक दाबला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो खाली पोचलेला होता.

मामीनं दोन बेदाणे खाल्ले आणि जाहीर केलं, ''दोन!''

मामा काठी टेकत खाली उतरला. मला वाटलं भावाची पाठ थोपटणार. त्यानं बाइक भावाच्या हातातून घेतली, तशीच उभ्या-उभ्या डाव्या-उजव्या बाजूला तिरकी करून पाहिली. एका हातानं.

''हलकी झाली की गं,'' तो म्हणाला. मला नाही, बाइकला.

तुम्हालाही करायचंय? मग हा डाएट प्लॅन

* आधी धुवा, मग वजन करा. प्रत्येक काढलेली वस्तू वेगळी तोला आणि वहीत लिहा. अंदाज हमखास चुकतो.
* क्रम पाळा : आधी जे काढता येतं ते, मग जे बदलता येतं ते. कापणं आणि भोकं पाडणं या यादीतच घेऊ नका.
* वरचं आणि फिरणारं वजन आधी उतरवा. तिथला एक किलो इतर ठिकाणच्या किलोपेक्षा जास्त जाणवतो.
* ब्रेक, हँडल, चिमटा, चाकांचे अॅक्सल, टॉर्क रॉड, इंजिनाच्या पट्ट्या आणि फ्रेम यांना हात लावायचा नाही. टू-स्ट्रोक बाइकचा ऑइल पंपही जागेवर राहू द्या. ऑइल न पोचलेलं इंजिन जाम होतं.
* ट्रायलच्या खास टायरमध्ये चार-सहा पीएसआय इतकी कमी हवा चालते. साध्या ट्यूबच्या टायरमध्ये ती चूक करू नका. रिमवर टायर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो.
* रोज ऑफिसला नेता त्या बाइकवर हे प्रयोग नकोत. नोंदणी असलेली बाइक कागदावर आहे तशीच रस्त्यावर हवी. हौसेची बाइक वेगळी, आणि तीही खाजगी जागेत, मालकाला विचारून.
* डोंगर दिसला की चढव बाइक, असं करू नका. आमच्या माळापासून सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे. तिथं हरणं बघायला पायी जा.
* आणि घरात फाउंड्रीतून रिटायर झालेला एखादा मामा असेल, तर ड्रिल हातात घेण्याआधी त्याला चहाला बोलवा.